जिथं आडनाव विचारत नाहीत

देवणीच्या स्टँडवर सकाळच्या उदगीर गाडीची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो आणि आम्हाला पोचवायला अकरा माणसं आली होती. दादा, वहिनी, आमची आई म्हणजे अव्वा, गल्लीतले पाच-सहा जण, शिवाय आमच्या खत-बियाण्याच्या दुकानातले दोन हमाल. सगळे एकच वाक्य आळीपाळीने बोलत होते, "लेकराच्या शिक्षणासाठी चाललात, चांगलं केलं." मी प्रत्येकाला मान हलवून हो म्हणत होतो. माझी बायको महानंदा सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिने नांदेडला बदली मागून घेतली होती आणि आमची पूर्वा नववीत जाणार होती, त्यामुळे गोष्ट तशी जुळत होती. अडचण एवढीच की अख्खा महाराष्ट्र पोरांना शिकायला लातूरला पाठवतो, आणि आम्ही लातूर जिल्ह्यातून शिक्षणासाठी नांदेडला निघालो होतो.

खरं कारण अकराच्या अकरा जणांना माहीत होतं. मी पीत होतो. सणावाराला पिणं वेगळं आणि माझं वेगळं होतं. मी दुकानाच्या मागे, सोयाबीनच्या बियाण्याच्या थप्पीआड बसून दुपारी बारापासून पीत होतो. गिऱ्हाईक आलं की बडीशेप खाऊन बाहेर येत होतो, आणि कोणाला काही कळत नाही असं सहा वर्षं समजत होतो. आमच्या लिंगायताच्या घरात दारू हा शब्दसुद्धा कोणी मोठ्याने उच्चारत नाही. 'त्याला ते आहे' एवढंच म्हणतात, जसं काही मला मूळव्याध होती. गळ्यातल्या लिंगाला हात लावून मी अव्वासमोर तीनदा शपथ घेतली होती. पहिली शपथ पंधरा दिवस टिकली, दुसरी आठ, आणि तिसरी घेतानाच मी थोडी घेतलेली होती.

गाडी आली तेव्हा अव्वा माझ्या कानाशी आली. "जा बाबा," ती म्हणाली. "तिथं तुला कोणी वळखत न्हाई, ते बरं हाय. इथं तू पडलास की उचलायला धा जण येतात, मनून तू पडत राहतोस."

उदगीरला आम्ही नांदेडची गाडी धरली. कंधारच्या स्टँडवर ती दहा मिनिटं थांबली. मी म्हणालो, पाण्याची बाटली आणतो. महानंदा माझ्याबरोबर खाली उतरली, स्वतः बाटली घेतली, माझ्या हातात दिली आणि परत गाडीत बसेपर्यंत माझ्या मागे चालली. पूर्वा खिडकीतून बघत होती. तिने तोंड फिरवलं. देवणी सोडल्याचं मला काही वाटलं नव्हतं, ते कंधारला वाटलं.

नांदेडला तरोड्याकडे दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. मोंढ्यात, धान्यबाजारात, एका बियाण्याच्या दुकानात मला काउंटरवर काम मिळालं. तुम्ही घरची-गावची मंडळी, जे देवणीतच राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडून पुण्याला, हैदराबादला गेलात, त्या सगळ्यांना माहीत आहे की नव्या गावात किराणा, गिरणी, न्हावी आणि दूधवाला ओळखीचे व्हायला महिना जातो. मला माझं दुकान चौथ्या दिवशी सापडलं. कोणाला विचारावंही लागलं नाही, पाय आपोआप वळले. अव्वाचं म्हणणं अर्धं खरं ठरलं. इथं मला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून इथं बडीशेपही लागत नव्हती.

चार महिने असे गेले. एका बुधवारी महानंदा ड्यूटीवरून आली आणि तिने चहाच्या कपाखाली एक चिठ्ठी ठेवली. दवाखान्यातल्या कोणत्याशा डॉक्टरीणबाईंनी दिली होती. त्यावर लिहिलं होतं : रविवार सकाळी दहा, बुधवार संध्याकाळी सहा, शाळेच्या मागची खोली. खाली गल्लीचं नाव.

"हे दारू सोडणाऱ्यांची बैठक हाय," ती म्हणाली. "मी नेणार न्हाई. सहा वर्षं मी ओढलं तुम्हाला, आता माझे हात दुखतात. दिवाळीपर्यंत तुम्ही आपल्या पायांनी जाऊन यायला लागलात तर ठीक. न्हाई तर मी आणि पूर्वा वेगळी खोली करतो. भांडून न्हाई सांगत."

ती खरंच भांडून सांगत नव्हती. चपात्या लाटता लाटता सांगत होती. भांडली असती तर मला पुढचं सोपं गेलं असतं.

त्या रविवारी मी नऊलाच निघालो. गल्ली सापडली, पण शाळा दिसेना. विचारावं तर काय विचारावं? एका चहाच्या टपरीवर उभा राहिलो. टपरी एका म्हाताऱ्या चाचांची होती. पांढरी दाढी, हातात गाळणी. मी म्हणालो, "चाचा, इथं शाळा कुठं हाय?" त्यांनी बोटाने दाखवली, समोरच होती. मी म्हणालो, "आणि शाळेच्या मागं काय हाय?" ते म्हणाले, "भिंत हाय." मी म्हणालो, "भिंतीच्या मागं?" चाचांनी गाळणी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"मिटिंगवाले ना तुम्ही? निळं फाटक, चप्पल बाहेर काढो. सब पैले इस्कूलच पूछते."

मी त्या निळ्या फाटकातून आत गेलो. एक लांबट खोली, चटया, भिंतीला टेकून बसलेले बारा-तेरा जण. त्या दिवशी बैठक दत्ता चालवत होते. ते ऑटो चालवतात. नियम साधा होता. आपलं नाव सांगायचं, आपल्याला दारूचा आजार आहे हे सांगायचं, आणि मग बोलावंसं वाटलं तर बोलायचं. माझी पाळी आली. मी हात जोडून उभा राहिलो आणि पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, ते वारल्याचं, म्हणजे लिंगैक्य झाल्याचं सांगितलं, मूळ गाव देवणी, जिल्हा लातूर, आमचं खत-बियाण्याचं दुकान, थोरला भाऊ ते सांभाळतो, आमचं आजोळ औरादचं, असं सगळं सांगून थांबलो. आजार तेवढा राहून गेला.

"मन्मथभाऊ," दत्ता म्हणाले, "नुसतं नाव पुरे. बायोडाटा नको."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते मनापासून पटलं नव्हतं. आपल्याकडे माणूस भेटला की आधी आडनाव, मग गाव, मग मामा कोणाचे, आणि चौथ्या प्रश्नाला कुठलं तरी नातं निघतंच. न निघालं तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटतं. नातं निघाल्याशिवाय माणसाशी बोलायचं कसं? इथं तर तेरा माणसं एकमेकांसमोर पोटातलं काढून ठेवत होती आणि कोणाला कोणाचं आडनाव माहीत नव्हतं. दत्ता म्हणाले, हीच या खोलीची भिंत आहे. इथं आत जे कळलं ते फाटकाबाहेर जात नाही. कोण येतं हेसुद्धा जात नाही. त्या भरवशावरच माणूस इथं तोंड उघडतो.

माझ्या शेजारी बसले होते ते नागनाथ. साठीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलताना 'हाव की ओ' म्हणायचे. बैठक संपल्यावर त्यांनी माझा नंबर घेतला. ते राहणारे लातूरचे, त्यांची मुलगी नांदेडला दिलेली. दर शनिवारी तिच्याकडे यायचे आणि रविवारची बैठक करून परत जायचे. सात वर्षांपासून त्यांची बंद होती आणि सात वर्षांपासून ते एवढा प्रवास करत होते, कारण लातूरच्या बैठकीत कोणीतरी ओळखीचं निघालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा संध्याकाळी सहाला फोन यायला लागला. सहा ही माझी दुकानातून सुटायची वेळ होती आणि घरापर्यंतच्या रस्त्यात माझी तीन दुकानं होती. आमचं बोलणं रोज एवढंच.

"सहा वाजले का?"

"वाजले."

"आज?"

"न्हाई."

"बरं. उद्या सहाला."

आणि फोन बंद. ज्याने आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही असं घरातले म्हणतात, तो मी या पाच वाक्यांवर सत्तर दिवस न पिता चाललो. आमच्या बैठकीत त्याला 'सोबर' राहणं म्हणतात. दिवाळी आली आणि गेली. मी घरी आलो की महानंदा माझ्या पिशवीत हात घालून बघायची, ते तिने बंद केलं. पूर्वाने एकदा विज्ञानाची वही माझ्यासमोर आणून ठेवली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण तासभर मी तिथून उठलो नाही.

आता इथून पुढचं मी सांगतो ते नीट ऐका, कारण यातलं अर्धं तुम्हाला दादाकडून कळलेलं आहे आणि ते अर्धंच आहे.

एका रविवारी बैठकीनंतर मी आणि नागनाथ चाचांच्या टपरीवर चहा घेत होतो. बोलता बोलता ते म्हणाले, बायकोचं माहेर औरादचं. माझा कप हातातच राहिला. औराद म्हणजे आमचं आजोळ. त्याच आठवड्यात दादाने व्हॉट्सॲपवर एक स्थळ पाठवलं होतं, आपल्या शिल्पासाठी. मुलगा लातूरला बँकेत, आजोळ औराद, वडील सरकारी नोकरीतून निवृत्त, आणि वडिलांचं नाव नागनाथ. मी ते स्थळ चार वेळा वाचलं होतं, कारण शिल्पा माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पुतणी आहे.

"तुमचा मुलगा बँकेत हाय का?" मी विचारलं.

नागनाथांनी चाचांकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. "हाव," ते म्हणाले.

"अहो, मग आपण पावणे की." मी त्यांचे दोन्ही हात धरले. "आधी नसतं का सांगायचं?"

त्यांनी हात सोडवून घेतले आणि कप टपरीवर ठेवला. "मन्मथ, मुलाला आणि बायकोच्या माहेरी यातलं काही माहीत न्हाई. इथलं इथंच राहू द्या."

"म्हणजे काय?" मी म्हणालो. "तुम्ही मला समजता तरी काय?"

ते बारा वाजता झालं. दीड वाजेपर्यंत मी ते पोटात ठेवलं. एवढी गोड बातमी घेऊन आपला माणूस किती वेळ गप्प बसू शकतो? माझा हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणतो, आणि हेतू चांगला होता म्हणून काही फरक पडत नाही हेही म्हणतो. दीडला मी दादाला फोन लावला.

"दादा, ते लातूरचं स्थळ सोडू नको. बाप देवमाणूस हाय. मी वळखतो."

"तू कसा वळखतोस?" दादा म्हणाला.

इथं मी एखाद्या लग्नात, गाडीत, दवाखान्यात, कुठंही भेटलो म्हणू शकत होतो. पीत होतो तेव्हा मी झोपेतसुद्धा याहून चांगली थाप मारली असती. पण सत्तर दिवस खरं बोलून बोलून ती सवय मोडली होती, आणि नेमकी त्या दिवशी मोडलेली निघाली. मी म्हणालो, "बैठकीत."

दादाला माझी बैठक कोणती ते माहीत होतं.

"म्हणजे ते बी?"

"सात वर्षं झाली बंद हाय, दादा. थेंब न्हाई."

"दारुड्याच्या घरात पोरगी देऊ का मी?"

"आपली पोरगी तरी कोणत्या घरातली हाय?" मी म्हणालो. दादाने फोन ठेवला.

दादाने मध्यस्थाला विचारलं. मध्यस्थाने औरादला विचारलं. औरादहून लातूरला फोन गेला, तो नागनाथांच्या मुलाने उचलला. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजले आणि माझा फोन वाजला नाही. मी सव्वासहाला लावला, त्यांनी उचलला नाही. शुक्रवारीही नाही. रविवारी भिंतीजवळची त्यांची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्या रविवारीही रिकामी होती.

खोलीत कोणी मला काही म्हणालं नाही. मी स्वतःच उठून सांगितलं, की भिंत मी फोडली. मला वाटलं आता काढून टाकतील. एका अर्थी मी त्याची वाटच बघत होतो, काढलं असतं तर निघून जायला कारण मिळालं असतं आणि कुठं जायचं ते पायांना माहीतच होतं. दत्ता एवढंच म्हणाले, "आपल्यात शिक्षा न्हाई. पण सात वर्षांचा माणूस दोन रविवार दिसला न्हाई, तर तो कुठंतरी एकटा बसला असंल. एकटा बसला की काय होतं तुम्हाला माहीत हाय."

मला माहीत होतं. माझ्यामुळे तो माणूस पुन्हा प्यायला असेल, हे एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि तो प्यायला असेल तर मी न पिण्यात काय अर्थ, असा दुसरा विचार लगेच मागे उभा राहायचा. पिणाऱ्याचं डोकं असं असतं. दुसऱ्याच्या दुःखातूनही ते स्वतःसाठी क्वार्टर काढतं. त्या सोमवारी सहाला सुटलो तेव्हा पहिलं दुकान मी ओलांडलं, दुसऱ्यासमोर थांबलो. तिथूनच दत्तांना फोन केला. ते दहा मिनिटांत ऑटो घेऊन आले आणि मला घरी सोडलं. वाटेत त्यांनी सांगितलं, "घरी जाऊ नका त्यांच्या. आधीच घर पेटलेलं असंल. लातूरला शनिवारी संध्याकाळी पाचला बैठक असते, गंजगोलाईच्या मागं. तिथं बघा."

"ते तिथं कशाला येतील? तिथल्या लोकांना टाळायला तर ते नांदेडला यायचे."

"मग दुसरं ठिकाण तुम्ही सांगा," दत्ता म्हणाले.

लातूर म्हणजे माझ्यासाठी देवणीचंच मोठं अंगण. बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या कपड्यांना देवणी-उदगीरचा माणूस लातूरलाच येतो. शनिवारी मी गंजगोलाईत उतरलो तेव्हा मान खाली घालून चालत होतो, जसं काही नागनाथ नाही तर मीच लपलेलो होतो. गोल फिरून पुन्हा त्याच जागी दोनदा आलो. पाच वाजायला दहा मिनिटं राहिली. तेव्हा मला कळलं की असं फिरत राहिलो तर बैठक संपून जाईल आणि मी नांदेडला जाऊन सांगेन की सापडली नाही. मी एका कपड्याच्या दुकानात शिरलो आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, "दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठं असते?"

तो माणूस वर बघून म्हणाला, "मन्मथ?"

तो बसवराज निघाला, आमच्याच गल्लीतला, माझ्या वर्गातला. आता तो लातूरला दुकान चालवतो हे मी विसरलो होतो.

"काय करायलास इथं?" तो म्हणाला.

"बैठक शोधायलो."

"कोणासाठी?"

गिऱ्हाइकं होती. दोन बायका साड्या बघत होत्या, त्यांनीही हात थांबवले.

"माझ्यासाठी," मी म्हणालो. "मी पीत होतो ना. आता न्हाई पीत."

"ते माहीत हाय की सगळ्यांना," बसवराज म्हणाला. "पीत होतास ते. न्हाई पीत ते आता कळलं." त्याने दुकानाच्या बाजूचा जिना दाखवला. "इथूनच वर जा. दर शनिवारी येतात बिचारे. मी त्यांच्यासाठी जिन्यातला दिवा लावून ठेवतो. आधी चहा घेतोस का?"

वर नऊ जण होते. खिडकीजवळ पांढरा इस्त्रीचा शर्ट होता.

मी दाराजवळ बसलो. नागनाथांनी मला बघितलं आणि नजर काढून घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त नाव सांगितलं, आजार सांगितला, आणि मग सांगितलं की माझ्याकडून एका माणसाचा भरवसा मोडला. माझी जीभ माझ्या ताब्यात नाही, पूर्वी आत जाणाऱ्याला अडवता येत नव्हतं, आता बाहेर येणाऱ्याला येत नाही. कोणाचं नाव घेतलं नाही. कोणी विचारलं नाही.

बैठक संपल्यावर जिन्यात ते माझ्या पुढे उतरत होते. मधल्या पायरीवर थांबले.

"पुन्हा घेतली का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"दुकानाच्या दारापर्यंत गेलतो," नागनाथ म्हणाले. "त्या शुक्रवारी. घरात मुलगा बोलत नव्हता, बायकोने जेवण समोर ठेवलं आणि निघून गेली. मनलं, आता लपवायचं काय राहिलं? सात वर्षं ज्याच्यासाठी सोडली तेच गेलं. दारात गेलो तर गल्लीतला एक जण आतून पिशवी घेऊन बाहेर येत होता. मला बघून मनला, 'पावणे, ऐकलं की तुम्ही सात वर्षं झाली सोडून. मला बी सांगा ना कशी सोडायची.' आता सांगा, त्याच्यासमोर कशी घेणार?"

"मग?"

"मग त्याला इथं घेऊन आलो. तो निळ्या शर्टातला, तुमच्या बाजूला बसला होता ना, तोच."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"याचा अर्थ तुम्ही बरोबर केलं असा न्हाई," ते म्हणाले. "माझं सांगायचं होतं ते मी सांगायला पाहिजे होतं. माझ्या तोंडाने, माझ्या वेळेला. ते तुम्ही नेलं. ते काही परत येत न्हाई."

मी हो म्हणालो. माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही मला आजही नक्की सांगता येणार नाही. खाली उतरल्यावर बसवराजने आम्हा दोघांना आणि त्या निळ्या शर्टातल्याला चहा दिला, आणि कोणाचे कोण हे त्याने विचारलं नाही. विचारायची त्याला फार इच्छा होती, ते दिसत होतं.

सोमवारी संध्याकाळी माझा फोन वाजला.

"सहा वाजले का?"

"वाजले."

"आज?"

"न्हाई."

"बरं. उद्या सहाला."

ते स्थळ मात्र मोडलं ते मोडलंच. त्यांच्या मुलाचं पुढे निलंग्याकडे लग्न झालं, आपल्या शिल्पाचं उदगीरला. जावई चांगला आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण शिल्पाने लग्नाच्या आधी एकदा मला फोन केला होता. ती म्हणाली, "काका, मला तो लातूरचा आवडला होता. आम्ही दोनदा बोललो पण होतो." बस, एवढंच. रडली नाही, भांडली नाही. मी तिला काय सांगणार होतो? मी म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "हो." आणि मग हळदीला किती लोक येणार आहेत ते सांगत बसली.

माझ्या दारूने आपल्या घरात पुष्कळ नुकसान केलं, त्याची यादी तुमच्यातल्या प्रत्येकाकडे आहे. हे एक नुकसान मात्र मी पूर्ण शुद्धीत केलं. म्हणून ते इथं लिहून ठेवतो.

आता तुम्ही सगळे मला विचारता, मन्मथ, परत कधी येणार? गेल्या उन्हाळ्यात महानंदाला बदलीचा अर्ज भरायचा होता. पूर्वाची बारावी झाली होती, नांदेडात अडकून राहायचं कारण उरलेलं नव्हतं, आणि देवणीचा पर्याय त्या कागदावर छापलेला होता. तिने पेन माझ्या हातात दिलं. सहा वर्षं ओढून हात दुखलेली बाई आपल्याला पेन देते तेव्हा काय वाटतं ते मला लिहिता येणार नाही. मी नांदेड लिहिलं. तिने वाचलं, घडी केली आणि डब्याबरोबर पर्समध्ये ठेवलं.

देवणी माझं गाव आहे, आणि मेल्यावर मला तिथंच न्या. पण सध्या त्या शाळेमागच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. रविवारी पावणेदहाला मी कुलूप काढतो, चटया झटकतो, चाचांना तेरा चहा सांगतो. कधी कधी फाटकाशी एखादा नवा माणूस उभा असतो. वीस मिनिटांपासून तिथंच उभा असतो आणि मी विचारलं की म्हणतो, सहजच आलो होतो. मी उशीर केला तर तो निघून जाईल. आणि तिथून निघून तो कुठं जाईल ते मला माहीत आहे. ज्या दारासाठी आपल्याला वेळेवर पोचावंच लागतं, त्याला मी आताशा घर म्हणतो.

म्हणून जेव्हा दादाने शिल्पाच्या लेकराच्या बारशाचं सांगितलं, येत्या रविवारी सकाळी दहा, देवणीला, तेव्हा मी अर्धा दिवस फोन हातात घेऊन बसलो. तिच्या आयुष्यातलं एक काम मी बिघडवलेलं, आणि आता हे दुसरं चुकवायचं? दत्तांना किल्ली द्यावी म्हटलं तर ते मुलीकडे पुण्याला गेलेले. शेवटी दादाला सांगितलं, मला दुपार होईल, पाळणा तुम्ही करून घ्या. दादाने 'बरं' म्हणून फोन ठेवला. त्याचं असं फोन ठेवणं मला आता सवयीचं झालं आहे.

संध्याकाळी शिल्पाचा फोन आला.

"काका, पाळणा संध्याकाळी पाचला ठेवलाय. तुम्ही खोली उघडून, सगळं आटपून या."

"अगं, दादा काय म्हणेल? पाव्हण्यांना काय सांगणार?"

"जे हाय ते सांगितलं मी," ती म्हणाली. "मनलं, आमच्या काकाची रविवारी सकाळी बैठक असते. दारू सोडणाऱ्यांची."

बैठक साडेअकराला संपते. बाराची गाडी धरली तर मी पाचच्या आत देवणीला पोचतो.